मनकवडा घोडा

दोन-तीन वर्षांपूर्वी तालुक्याच्या एका गावी विज्ञान शिक्षकांच्या शिबिरात आम्ही बोलायला गेलो होतो. विषय होता वैज्ञानिक पद्धती. चहाच्या सुट्टीत एक बाई आमच्यापाशी आल्या. वीसेक वर्षे प्राथमिक शाळेत शिकवत असलेल्या. म्हणाल्या, "सर, वर्गात पाऊल टाकलं की आज कोणाच्या घरी काय बिनसलंय ते मला कळतं. विचारावं लागत नाही. एखादं मूल आतून रडवेलं असलं की माझ्याच छातीत दाटून येतं. संध्याकाळी घरी जाते ती पिळून काढलेल्या फडक्यासारखी. माझी भाची म्हणते, मावशी, तू एम्पाथ आहेस. हे विज्ञानात बसतं का?"

आम्ही काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले आणि चहा संपवला. प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराची थकबाकी आहे.

एम्पाथ हा शब्द तसा अलीकडचा. इंग्रजी विज्ञानकथांमधून तो पुढे आला. १९६८ साली 'स्टार ट्रेक' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेचा एक भागच 'द एम्पाथ' नावाचा होता. त्यातली परग्रहावरची मुकी तरुणी दुसऱ्याची जखम स्वतःच्या अंगावर ओढून घेते. कल्पना मात्र जुनी आहे. आपल्याकडे अशा माणसाला मनकवडा म्हणतात, आणि घरोघरी एखादी आजी किंवा आत्या तशी असते. प्रश्न असा की तिला जे कळते ते कोणत्या वाटेने कळते? आणि तिला कळले असे वाटते, ते खरोखरच दुसऱ्याचे असते का?

विज्ञानाच्या इतिहासात या प्रश्नाची अत्यंत कसून तपासणी झाली ती एका घोड्यावर.

बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाचे एक निवृत्त गणित शिक्षक राहत असत. संधी मिळाली तर जनावरही माणसासारखा विचार करायला शिकेल, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांनी हान्स नावाचा एक घोडा घेतला आणि आपल्या घराच्या फरसबंदी आवारात त्याची शाळा भरवली. सामग्री कोणत्याही प्राथमिक शाळेतली: फळा, मण्यांची पाटी, मोजायला लाकडी ठोकळे, अंकांची पुठ्ठ्याची कार्डे. बरोबर उत्तराला पाव, गाजर किंवा साखर. सुमारे चार वर्षे हा वर्ग चालला. हान्स उजवा पुढचा पाय जमिनीवर आपटून उत्तर देई. अपूर्णांक असला तर आधी अंशाच्या टापा, मग छेदाच्या. अक्षरांसाठी एक तक्ता होता; ओळ कितवी आणि रकाना कितवा हे टापांनी सांगितले की अक्षर ठरे. महिन्याची आठ तारीख मंगळवारी असेल तर पुढचा शुक्रवार किती तारखेला, असे विचारले की हान्स अकरा टापा देऊन थांबे. त्याला गाण्यातले स्वर ओळखता येत. प्रश्न मोठ्याने विचारण्याचीही गरज नसे. मनात धरला तरी चाले.

फॉन ओस्टेन यांनी या खेळाला कधी तिकीट लावले नाही. मालक आवारात नसताना इतरांनी विचारले तरी घोडा उत्तरे देई. त्यामुळे लबाडीचा संशय घेणे अवघड होते. १९०४ च्या उन्हाळ्यात बर्लिनमध्ये दुसरा विषय नव्हता. सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रातही या घोड्याची हकीकत छापून आली. बर्लिन विद्यापीठातील मानसशास्त्राचे प्राध्यापक कार्ल श्टुम्फ यांच्याभोवती तेरा जणांची एक समिती जमली. तिच्यात प्राणिसंग्रहालयाचे संचालक होते, घोडदळाचा अधिकारी होता, शिक्षक होते, आणि एक सर्कसमालकही होता. शेवटच्या गृहस्थांची निवड आम्हाला फार शहाणपणाची वाटते. जनावराला गुपचूप खुणा कशा करतात हे प्राध्यापकापेक्षा सर्कसवाल्याला जास्त ठाऊक असणार. १२ सप्टेंबर १९०४ रोजी समितीने निष्कर्ष दिला: जाणूनबुजून केलेल्या खुणा किंवा चलाखी येथे आढळत नाही.

बहुतेकांनी याचा अर्थ घोडा विचार करतो असा लावला. समितीने तसे म्हटले नव्हते. पण जे नाकारले गेले नाही ते सिद्ध झाले असे मानण्याची खोड फार जुनी आहे.

श्टुम्फ यांचे समाधान झाले नव्हते. त्यांनी पुढचे काम आपल्या एका विद्यार्थ्याकडे सोपवले. ओस्कार फुंग्स्ट हे त्याचे नाव, वय तीस. त्याने आवारात एक तंबू ठोकला, म्हणजे बघ्यांची गर्दी आणि इतर व्यत्यय बाहेर राहतील. मग त्याने एक साधी गोष्ट केली. प्रत्येक प्रश्न दोन प्रकारे विचारायचा: एकदा विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असताना आणि एकदा ठाऊक नसताना. अंकाचे कार्ड घोड्याला दाखवायचे, पण दाखवणाऱ्याने स्वतः ते पाहायचे नाही. विचारणाऱ्याला अंक ठाऊक असला की शंभरात ९८ उत्तरे बरोबर. ठाऊक नसला की शंभरात ८.

बेरजेसाठी त्याने काढलेली युक्ती कोणत्याही शिक्षकाला आवडेल. फॉन ओस्टेन यांनी घोड्याच्या एका कानात एक संख्या कुजबुजायची, फुंग्स्टने दुसऱ्या कानात दुसरी. दोन्ही संख्या फक्त घोड्याला ठाऊक. बेरीज कोणाही माणसाला ठाऊक नाही. अशा ३१ बेरजांपैकी हान्सच्या ३ बरोबर आल्या. तितक्याच बेरजा माणसाला उत्तर ठाऊक ठेवून विचारल्या तेव्हा २९ बरोबर आल्या.

म्हणजे उत्तर घोड्याच्या डोक्यात नव्हते. समोरच्या माणसाकडून येत होते. पण कसे? फुंग्स्टने घोड्याला मोठी झापडे बांधली. विचारणारा दिसत असला तर शंभरात ८९ बरोबर, दिसत नसला तर ६. झापडे बांधली की हान्स मान ताणून, लगाम ओढून विचारणाऱ्याकडे पाहण्याची धडपड करी. अंधार पडू लागला की चुका वाढत. अंतर वाढवले की चुका वाढत. मनातले विचार अंतराळातून येत असते तर तिन्हीसांजेने त्यांना काय फरक पडला असता? जे काही येत होते ते डोळ्यांवाटे येत होते.

आता माणसांकडे पाहणे आले. घोड्याने कधी त्याला चावा घेतला, तरी फुंग्स्ट चिकाटीने पाहत राहिला आणि त्याला दिसले ते असे. प्रश्न विचारून झाला की विचारणारा, टापा मोजायच्या म्हणून, नकळत किंचित पुढे झुकतो. ही घोड्याला सुरुवातीची खूण. टापा पडू लागतात तसा विचारणाऱ्याच्या अंगात ताण साठत जातो. अपेक्षित आकडा आला की तो ताण सुटतो आणि डोके अगदी जरासे वर होते. किती? मिलीमीटरच्या आसपास, कधी त्याहूनही कमी. हान्स तेवढ्यावर थांबे. त्याची चूक झालीच तर पुष्कळदा एका टापेची असे, कारण ती त्याच्या गणिताची नसून माणसाचा ताण क्षणभर आधी किंवा नंतर सुटल्याची असे. फॉन ओस्टेन रुंद काठाची टोपी घालत. डोक्याची ती एवढीशी हालचाल टोपीच्या काठावर मोठी होऊन दिसत असावी.

खात्री कशी करायची? फुंग्स्ट काही न विचारता नुसता पुढे झुकला. घोडा टापा देऊ लागला. तो ताठ झाला, घोडा थांबला. गणित नाही, प्रश्न नाही, काही नाही.

या कथेचा येथपर्यंतचा भाग बऱ्याच पुस्तकांत सापडतो आणि 'घोडा फसवा निघाला' असा शेरा मारून लोक पुढे जातात. आम्हाला हा शेरा मुळीच मान्य नाही. हान्सला गणित येत नव्हते हे खरे. पण माणसाच्या मनात अपेक्षा केव्हा शिगेला पोहोचली आणि केव्हा निवळली, हे तो जवळ उभ्या असलेल्या तेरा विद्वानांपेक्षा अचूक ओळखत होता. ज्याला आपण मनकवडेपणा म्हणतो तो याहून वेगळा काय असतो?

फुंग्स्टलाही बहुधा असेच काही वाटले असावे, कारण पुढचा प्रयोग त्याने स्वतःवर केला. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तो स्वतः घोडा झाला. समोरच्या माणसाने एखादी संख्या मनात धरायची. फुंग्स्ट हाताने टेबलावर टकटक करणार आणि त्या माणसाकडे पाहून थांबणार. अशी २५ माणसे त्याने तपासली. त्यांत लहान मुलेही होती. दोघे सोडून सर्वांच्या डोक्याची तीच हालचाल झाली, आणि आपण काही हालचाल केली याचा त्यांना पत्ताही नव्हता. उपकरणे लावून त्याने डोक्याच्या हालचाली आणि श्वास कागदावर उतरवून घेतले. सुरुवातीला त्याच्या चुका होत, सरावाने त्या कमी झाल्या. म्हणजे ही काही जन्मजात दैवी देणगी नव्हे. पाहायचे कुठे हे कळले तर एक सामान्य विद्यार्थीही त्यात बराच तरबेज होऊ शकतो.

आणखी एक गोष्ट त्याने नोंदवली. ही हालचाल होते हे पक्के ठाऊक झाल्यावरही घोड्यासमोर उभा राहिला की त्याच्या स्वतःच्या डोक्याची ती होतच असे. मुद्दाम दाबून धरली तरच थांबे.

हे सगळे अगदी आकाशातून पडले नव्हते. १८५३ साली लंडनमध्ये मायकेल फॅरडेने फिरत्या टेबलांचे प्रकरण असेच उलगडले होते. भोवती बसलेल्यांच्या हातांखाली त्याने सरकत्या फळ्या ठेवल्या आणि टेबल हलण्याआधी हात हलतात हे दाखवले. ढकलणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते, इतकेच. पुढे १८७० च्या दशकात अमेरिकेत 'मन वाचणारे' कलावंत रंगमंचावर आले. लपवलेली टाचणी शोधताना ते प्रेक्षकाचा हात धरून फिरत. जॉर्ज बिअर्ड या न्यूयॉर्कच्या मज्जाविकारतज्ज्ञाने १८७७ साली लिहिले की ही मंडळी मन वाचत नाहीत, स्नायू वाचतात. धरलेला हात योग्य दिशेला नकळत सैल होतो आणि चुकीच्या दिशेला आखडतो.

फॉन ओस्टेन यांचे काय झाले? हा भाग लिहिताना आम्हाला नेहमी वाईट वाटते. त्यांनी कोणाला फसवले नव्हते. चार वर्षे एका विद्यार्थ्याला जीव ओतून शिकवले, विद्यार्थी प्रगती करतो आहे हे रोज डोळ्यांनी पाहिले, आणि ती प्रगती त्यांच्याच टोपीच्या काठातून बाहेर पडत होती. त्यांनी निष्कर्ष मानला नाही आणि पुढचे प्रयोग बंद करायला लावले. १९०९ साली ते वारले. फुंग्स्टचा ग्रंथ त्याआधी, १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. हान्स एल्बरफेल्ड येथील कार्ल क्राल या जवाहिऱ्याकडे गेला. क्राल यांनी आणखी घोडे शिकवले आणि १९१२ मध्ये विचार करणाऱ्या जनावरांवर जाडजूड पुस्तक लिहिले. फुंग्स्टच्या कार्डांचा त्यांच्यावर काही परिणाम झाला नव्हता.

हान्सच्या गोष्टीतून पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले: कळण्याची वाट शरीरातून जाते. दुसरा प्रश्न शिल्लक राहतो. जे कळले असे वाटते ते समोरच्याचे की आपलेच? त्यासाठी बत्तीस वर्षे मागे जाऊन डार्विनला भेटावे लागेल.

भावनांच्या आविष्कारावरचे डार्विनचे पुस्तक १८७२ चे. त्यासाठी त्याने दुशेन या फ्रेंच डॉक्टरची छायाचित्रे मिळवली. चेहऱ्यावरच्या एकेका स्नायूला विजेचा प्रवाह देऊन दुशेनने राग, भीती, हसू असे भाव उमटवले होते आणि १८६२ मध्ये ती चित्रे वर्णनासह छापली होती. वर्णन वाचत चित्रे पाहताना जवळजवळ प्रत्येक चित्र डार्विनला हुबेहूब वाटले. मग त्याने निवडक चित्रे, खाली काहीही न लिहिता, वीसहून अधिक लोकांना दाखवली आणि भाव कोणता ते विचारले. काही चित्रांवर जवळजवळ सर्वांचे एकमत झाले. काहींवर मात्र प्रत्येकाचे उत्तर वेगळे. डार्विनने प्रामाणिकपणे लिहून ठेवले की वर्णन वाचले नसते तर आपणही काही ठिकाणी त्यांच्याइतकेच गोंधळलो असतो. मथळा आधी कळला की चेहऱ्यात तो भाव दिसू लागतो! फुंग्स्टच्या 'ठाऊक असताना' आणि 'ठाऊक नसताना' या दोन रकान्यांचे हे जणू बीज आहे.

याच डार्विनने आपल्या पहिल्या मुलाच्या बाळपणाच्या नोंदी १८७७ मध्ये छापल्या. दाईने रडण्याचे सोंग केले तेव्हा सहा महिन्यांच्या त्या बाळाचा चेहरा उतरला. दुसऱ्याचे दुःख अंगात उतरण्याची ही क्षमता इतकी लवकर दिसते. पण दाई रडत नव्हती, हे विसरून चालणार नाही. बाळाच्या मनात उमटलेले दुःख खरे होते. दाईच्या मनात ते नव्हतेच.

थोडे शब्दांविषयी. रॉबर्ट फिशर या जर्मन अभ्यासकाने १८७३ मध्ये कलेच्या संदर्भात 'आइनफ्यूलुंग' हा शब्द वापरला; अर्थ, वस्तूच्या आत शिरून अनुभवणे. थिओडोर लिप्स यांनी तो माणसांना लावला. तारेवर चालणाऱ्या डोंबाऱ्याकडे पाहताना आपणही आतून तोल सावरतो, हे त्यांचे आवडते उदाहरण. १९०९ मध्ये एडवर्ड टिचनर यांनी इंग्रजीत त्यासाठी 'एम्पथी' शब्द घडवला. आपण मराठीत समानुभूती म्हणतो. आपल्या परंपरेत नाट्यशास्त्राने या वाटेचा विचार फार आधी केला होता. त्यात घाम, रोमांच, कंप, आवाज फुटणे, रंग उडणे, अश्रू अशा आठ सात्त्विक भावांची यादी आहे. भाव पोहोचवायचा तर तो अंगावर उमटला पाहिजे, हे नटांना शिकवले जात होते.

पुन्हा शाळेकडे येऊ. फुंग्स्टच्या ग्रंथाची इंग्रजी आवृत्ती १९६५ मध्ये पुन्हा छापली गेली. तिला प्रस्तावना लिहिली रॉबर्ट रोझेंथाल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने. त्याने आधी विद्यार्थ्यांना उंदीर वाटले होते. काहींना सांगितले की तुमचे उंदीर जात्याच हुशार आहेत, काहींना सांगितले की मठ्ठ आहेत. उंदीर खरे तर सारखेच होते. 'हुशार' उंदीर चक्रव्यूहात लवकर शिकले. मग त्याने लिनोर जेकबसन या मुख्याध्यापिकेबरोबर एका शाळेत प्रयोग केला. काही मुले, खरे म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडलेली, यंदा चमकणार आहेत असे शिक्षकांना सांगितले. १९६८ च्या पुस्तकात त्यांनी लिहिले की ती मुले, विशेषतः पहिली-दुसरीतली, खरोखर पुढे गेली. या प्रयोगावर पुष्कळ टीका झाली. परिणाम मुळात वाटला तेवढा मोठा नसतो, असे नंतरच्या कामावरून दिसते. पण आपल्या अपेक्षा मुलांपर्यंत काही प्रमाणात पोहोचतात, हे शिल्लक राहते. तोंडी परीक्षेत बाईंच्या भुवया पाहून उत्तर बदलणारा विद्यार्थी आपण सर्वांनी पाहिला आहे. तो हान्सचाच सहाध्यायी.

येथपर्यंत सारे गमतीचे वाटले असेल. आता सांगतो ती गोष्ट गमतीची नाही.

१९९० च्या सुमारास अमेरिकेत एक नवी पद्धत झपाट्याने पसरली. ऑस्ट्रेलियात ती आधीपासून वापरात होती. बोलता न येणाऱ्या स्वमग्न मुलाच्या हाताला किंवा मनगटाला एका मदतनीसाने आधार द्यायचा आणि मुलाने अक्षरांच्या फलकावर बोट ठेवायचे. ज्यांनी जन्मात एक शब्द उच्चारला नव्हता ती मुले पूर्ण वाक्ये लिहू लागली, कविता करू लागली. आईवडिलांना वाटले, आपले मूल आत कुठेतरी होतेच. आज ते आपल्याशी बोलते आहे. मदतनीसांना मुलाच्या मनातले बोटांतून जाणवे. ही माणसे कनवाळू होती, प्रामाणिक होती, फॉन ओस्टेन यांच्यासारखीच. मग काही मुलांच्या 'लिखाणात' घरच्यांवर अत्याचाराचे आरोप येऊ लागले. पालकांची चौकशी झाली, काही मुले घरातून हलवण्यात आली.

तेव्हा कोणाला तरी बर्लिनचे ते आवार आठवणे भाग होते. न्यूयॉर्क राज्यातील एका केंद्रात १२ स्वमग्न व्यक्ती आणि त्यांचे ९ मदतनीस यांची चाचणी झाली. ती १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. दोघांना चित्रे दाखवायची, पण एकमेकांचे चित्र दिसू द्यायचे नाही. कधी चित्र सारखे, कधी वेगळे. चित्रे वेगळी असताना एकदाही मुलाने पाहिलेल्या चित्राचे नाव लिहिले गेले नाही. लिहिले गेले ते मदतनीसाने पाहिलेले. १९९४ मध्ये अमेरिकेच्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने या पद्धतीला वैज्ञानिक आधार नसल्याचा ठराव केला.

मदतनीसांपैकी कित्येकांना हे कळल्यावर धक्का बसला. त्यांना खरोखर दुसऱ्याचे मन जाणवत होते. ती जाणीव आतून पाहता खरी आणि खोटी सारखीच दिसते. ती तपासायला बाहेरचे कार्ड लागते. आणि या साऱ्यात ते मूल, त्याच्या मनात प्रत्यक्षात काय होते ते, पुन्हा कोणी विचारलेच नाही. आम्हाला सर्वांत जास्त बोचते ते हे.

गेल्या तीस वर्षांत मेंदूच्या अभ्यासाने या प्रकरणात भर घातली. १९९२ मध्ये इटलीतील पार्मा येथे माकडाच्या मेंदूत अशा पेशी सापडल्याचे प्रसिद्ध झाले, की ज्या माकडाने स्वतः वस्तू उचलली तरी आणि दुसऱ्याला उचलताना पाहिले तरी सक्रिय होतात. पुढे त्यांना आरसा-पेशी म्हणू लागले. त्यांच्या जोरावर समानुभूतीपासून संस्कृतीपर्यंत सगळेच समजावण्याची घाई झाली. ती आता बरीच ओसरली आहे. २००४ मध्ये लंडनला तानिया सिंगर यांनी १६ जोडप्यांवर प्रयोग केला. पत्नी किंवा मैत्रीण यंत्रात, तिच्या जोडीदाराच्या हाताला विजेचा चटका. चटका त्याला बसला तरी तिच्या मेंदूतील वेदनेशी संबंधित काही भाग जागे झाले. मात्र वेदना शरीरात नेमकी कुठे हे टिपणारे भाग जागे झाले नाहीत. म्हणजे दुसऱ्याच्या दुखण्याचा कळवळा पोहोचतो, दुखणे पोहोचत नाही. थोड्या माणसांत तेही पोहोचते. दुसऱ्याच्या गालाला स्पर्श झालेला पाहिला की त्यांना आपल्या गालावर तो जाणवतो. २००५ पासून यांचा पद्धतशीर अभ्यास होत आहे; एका पाहणीत असे लोक शंभरात दीडेक आढळले. त्यांना हाणामारीचा चित्रपट पाहणेही कठीण जाते.

आणि अचूकपणा? विल्यम इकेस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दोघांचे संभाषण चित्रित करून ठेवण्याची रीत काढली. नंतर एकाने आपल्या मनात त्या त्या क्षणी काय होते ते लिहायचे, दुसऱ्याने ते ओळखायचे. अनोळखी माणसांचे गुण शंभरात वीसच्या आसपास येतात. जवळचे मित्र किंवा पतिपत्नी असले तर तीस-पस्तीस. बाकीचे आपण घरात अंदाजाने चालवतो! 'मला लोकांचे मन छान कळते' असे सांगणाऱ्यांचे गुण इतरांहून फारसे अधिक येत नाहीत, असेही अनेक पाहण्यांत दिसले आहे. जाणवण्याची तीव्रता आणि ओळखण्याची अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शिबिरातल्या त्या बाईंना आम्ही अखेर पत्र लिहिले. त्यांच्या थकव्याबद्दल लिहिले की दुसऱ्याचे दुःख नुसते अंगात भरू देणे आणि त्याच्याविषयी माया वाटून काही करावेसे वाटणे, यांत फरक आहे. सिंगर यांच्या पुढच्या कामात पहिल्याच्या सरावाने लोक खचलेले दिसले आणि दुसऱ्याच्या सरावाने सावरलेले. आणि जाणवण्याबद्दल फुंग्स्टचे रकाने सुचवले. वर्गात शिरल्यावर, हजेरी घेण्याआधी, आज कोणाचे काहीतरी बिनसले आहे असे वाटते त्यांची नावे वहीत लिहायची. मधल्या सुट्टीत किंवा पालक भेटतील तेव्हा, मुलांना न डिवचता, खरे काय ते कळेल तसे दुसऱ्या रकान्यात मांडायचे. पहिला रकाना नंतर खोडायचा नाही.

दोन महिन्यांनी उत्तर आले. आपले अंदाज पुष्कळदा बरोबर निघाले, असे बाईंनी लिहिले होते. पण ज्यांच्या घरी जाणे-येणे आहे त्यांच्याच बाबतीत जास्त. काही दिवशी वहीत नेहमीपेक्षा दुप्पट नावे होती. ते दिवस त्यांच्या स्वतःच्या घरी सासऱ्यांचे आजारपण चालू असतानाचे होते, हे त्यांच्या नंतर लक्षात आले. पुढे लिहिले होते, "एका मुलाचं नाव दीड महिन्यात माझ्या वहीत एकदाही नाही. परवा त्याची आई भेटली. दिवाळीपासून त्याचे वडील घरी नाहीत. तो पहिल्या बाकावर बसतो, सगळ्यांत आधी हात वर करतो आणि सारखा हसत असतो. मला काही म्हणजे काही जाणवलं नाही."

वही त्यांनी चालू ठेवली आहे. आता रकाने दोनांऐवजी तीन आखतात. तिसऱ्यात रोज अशा दोन मुलांची नावे असतात, ज्यांच्याबद्दल त्या दिवशी त्यांना काहीच वाटलेले नसते. मधल्या सुट्टीत त्या आधी त्यांच्याशी बोलतात.